बशांची चवड

"तिसरी पिशवीपण नाही जुळत?" रक्तपेढीच्या दारातूनच डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. बाईंचं जन्मात कुणाशी पटलं नाही, आता रक्ताचं कुठून पटायला!"

डॉक्टर हसले. मग त्यांची नजर नळीवरच्या चिठ्ठीवर गेली. पेशंटचं आणि रक्तपेढीतल्या या बाईंचं आडनाव एकच होतं.

"तुमच्या कोण?"

"जाऊ. थोरली."

डॉक्टरांनी हसू गिळलं. "लवकर काय ते बघा. बाई पांढऱ्याफटक पडल्यात."

ते काय धाकटीला सांगायला हवं होतं? सकाळी शेजारी थोरलीच्या अंगणात धप्पकन आवाज झाला, तेव्हा मधली बुटकी भिंत ओलांडून पहिली तीच धावली होती. आणि गंमत म्हणजे, त्या अंगणात तिनं कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

थोरलीचा आवाज असा, की तिनं हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतल्या वाळत घातलेल्या चादरी आपोआप घडी होऊन पडायच्या. आणि धाकटीची जीभ अशी, की तिला भाजी चिरायला सुरी लागत नाही असं लोक म्हणायचे. वाटण्या झाल्या तेव्हा भांडी, कपाटं, गाद्या सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते सासूच्या चिनी मातीच्या सेटपाशी. दोघी हटेनात. शेवटी वैतागून सासऱ्यांनी कप थोरलीला दिले अन् बशा धाकटीला. झालं! तेव्हापासून थोरली बशीवाचून बोटं भाजून घेत चहा प्यायची. धाकटी पाहुण्यांसमोर बशीत स्टीलचा पेला ठेवायची, तो असा खडखडायचा की भूकंप झाला समजून पाहुणे उठून उभे राहायचे. पण मधल्या भिंतीवरून "अर्धा सेट दे" म्हणेल ती जाऊ कसली?

गेल्या काही महिन्यांत मात्र भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला होता. कण्हणं तेवढं यायचं. पाठ, पाठ, पाठ. धाकटी नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "नाटकं नुसती. मी विचारावं म्हणून चाललंय."

आणि मघाशी वॉर्डात रक्त काढायला गेली, तर थोरलीनं तिचं मनगट धरलं. "तूच तपासणार ना? मग मला घोर नाही."

सुई टोचल्यावर ओरडलीसुद्धा नाही. धाकटीला तेच खटकलं.

आता तिनं नळ्या पुन्हा उजेडात धरल्या. लाल पेशींचं एक बरं असतं. प्रत्येकीच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार असतो. सगळ्यांचा सारखाच, म्हणून एकीला दुसरी जवळ खपत नाही. एकमेकींना ढकलत, अंतर राखून राहतात, म्हणून तर रक्त वाहतं राहतं. शिकत असताना हे पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा धाकटी भर वर्गात बोलून गेली होती, "म्हणजे जावाच की!" पिशवीतल्या पेशी पेशंटच्या रक्तद्रवात घालून बघायच्या. सुट्या राहिल्या तर रक्त जुळलं. पेशंटच्या रक्तानं त्यांना वैरी समजून एकत्र बांधलं, गुठळ्या झाल्या, की पिशवी बाजूला ठेवायची.

इथं तर तिन्ही पिशव्यांच्या गुठळ्या. तिनं थोरलीच्याच पेशी थोरलीच्याच रक्तद्रवात घालून बघितल्या. त्याही चिकटल्या.

"घ्या! बाईंचं स्वतःशीसुद्धा पटेना," ती पुटपुटली. पण या वेळी तिला हसू आलं नाही. तिनं एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

गुठळ्या नव्हत्याच त्या. गुठळी वेडीवाकडी असते, द्राक्षाच्या घडासारखी. इथं पेशीवर पेशी नीट रचलेली होती. मांडणीवर बशा ठेवतात ना, तशी. चवडीच्या चवडी.

नळीतला रक्तद्रव तिनं अलगद काढून घेतला, तेवढंच मिठाचं पाणी घातलं, हलक्या हातानं हलवलं. चवडी मोडल्या. पेशी सुटसुटीत, एकमेकींपासून लांब. खरी गुठळी अशी सुटत नाही. मग पेशी धुऊन करायची पुढची तपासणीही तिनं केली. साफ.

"जुळलं," तिनं डॉक्टरांना सांगितलं. "पिशव्यांत काही खोट नाही. तिच्या रक्तातलंच प्रथिन वाढलंय, भलतंच. त्यापुढं विद्युतभाराचं काही चालत नाही. अंतरच राहत नाही पेशींत."

डॉक्टरांनी विचारलं, "पाठ कधीपासून दुखतेय त्यांची?"

"बरेच महिने."

"हे वाढलेलं प्रथिन, ही पाठ... हाडांच्या मगजातला कॅन्सर असू शकतो. तुमच्याही मनात तेच आलं असेल."

"हं."

"सगळ्या तपासण्या होईपर्यंत त्यांना काही बोलू नका."

बाहेर बाकावर थोरले दीर बसले होते. तिला बघून ताडकन उठले. "जुळलं का गं?"

"जुळलं, भाऊजी."

"मग झालं तर! उगीच जीव टांगणीला लावलास." आणि ते चहा शोधायला गेले.

वॉर्डात पिशवी टांगली होती. थेंब थेंब रक्त उतरत होतं.

"ये. बस इथं," थोरली म्हणाली. "जवळ ये अशी." तिनं डोकं धाकटीच्या खांद्यावर टेकलं. डोक्याला वजन असं नव्हतंच. "ते कप घेऊन जा गं घरी. मला आता कशाला?"

धाकटीच्या डोळ्यांपुढं ती काचपट्टी आली. बशीवर बशी, बशीवर बशी. खांदा हलवायचा तिला धीर होईना. मग तिनं घसा खाकरला.

"मला नकोत तुमचे कप. एकाचा कान तुटलाय. खिडकीतून बघितलाय मी."

थोरलीनं डोळे उघडले. "कुणी तोडला? तूच तोडलास! वाटण्यांच्या दिवशी!"

"मी? तुम्हीच आपटलात रागानं! आणि वर सासूबाईंना सांगितलंत, धाकटीनं तोडला!"

"खोटारडी! तोंड बघ, तोंड!"

कोपऱ्यातून नर्स धावत आली. "अहो, पेशंट आहेत त्या! भांडताय काय?"

"हिला सांगा!" थोरलीचा आवाज वॉर्डाच्या दारापर्यंत गेला. चादरीची घडी पडावी एवढा नाही, पण गेला. गालावर बोटभर रंग आला होता. तिनं अशक्त हातानं धाकटीला ढकललं. "सरक तिकडे! अंगाला अंग लावून बसलीय!"

धाकटी सरकली. दोघींच्या मधे हातभर जागा झाली. पिशवी रिकामी होईपर्यंत ती तेवढं अंतर राखून तिथंच बसून राहिली.