मार्सेलाची सही

मायरॉन हुदॅकने महिन्याच्या आत दुसऱ्यांदा काळा सूट घातला. पहिल्यांदा बायकोला पुरायला, आणि आता काउंटीच्या कोर्टात, ती सही तिचीच होती असं शपथेवर सांगायला. सकाळपासून तो वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसून होता. काय बोलायचं ते त्याने येताना गाडीत पाठ केलं होतं. माझी बायको मार्सेला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तिच्या स्वतःच्या हाताने. एवढंच. तसा तो फार बोलणारा माणूस नव्हता. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरांवर छपरं घातली, आणि छपरावर बोलायला कोणी नसतं.

बर्नी गॅलन कॉरिडॉरमधून हसत हसत आला. लेनोर वास्कोच्या प्रचाराचं सगळं तो बघायचा.

"चल मायरॉन, तुला गरम कॉफी पाजतो. सुटलो आपण. लेनोर मतपत्रिकेवर राहिली!"

"मला आत कधी बोलावणार?"

"आता गरजच नाही. लेनोरने आणि त्यांच्या वकिलाने बाहेरच मिटवलं. आत जज्जबाई नुसतं वाचून दाखवतील."

"म्हणजे मार्सेलाची सही धरली."

बर्नीने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "हे बघ, ती सोडून दिली. असंच असतं रे. त्यांनी काही हरकती सोडल्या, आपण काही सह्या सोडल्या. तिच्यावाचूनही आपल्या शंभर भरतात."

मायरॉनला क्षणभर कळेचना. मग कळलं तेव्हा तो बाकावरून उठला.

डेनिस फॅरल अठरा वर्षं ब्रेकर हिल गावचा जज्ज होता. त्याआधी त्याचं बिअरचं दुकान होतं. कायदा तो शिकलेला नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. दर सहा वर्षांनी निवडून यायचं होतं, आणि ते त्याला उत्तम जमत होतं. लोक त्याला डेनी म्हणायचे. मायरॉन आणि तो एका वर्गात होते.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या पोलिसाने औषधांच्या दुकानाबाहेर मार्सेलाला धरलं. तिला कंपवात होता. पाय लटपटत होते, बोलणं जड झालं होतं. त्या पोरसवदा पोलिसाने तिच्यावर दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातल्याची केस टाकली. सत्तरीची बाई, चर्चच्या स्वयंपाकघरात उभा जन्म घालवलेली, लग्नात एक घोट घेतला असेल तेवढाच. मायरॉनने डॉक्टरचा दाखला नेला. फॅरलने तो हातातसुद्धा घेतला नाही. वरून म्हणाला, "मार्सेला, सोमवारी सकाळी या गावात निम्म्या लोकांचे हात थरथरतात!" आणि सगळं कोर्ट खो खो हसलं. मार्सेला हसली नाही. दंड झाला.

लेनोर वास्कोने ते प्रकरण एक पैसा न घेता वरच्या कोर्टात नेलं आणि रद्द करून आणलं. लेनोर याच गावची. तिचा बाप खाण बंद होईपर्यंत खाणीत होता. शिकून वकील झाली, परत आली, आणि घरमालकांनी बाहेर काढलेल्या लोकांच्या केसेस लढू लागली. ह्या वर्षी ती फॅरलविरुद्ध उभी राहिली.

उभं राहायचं तर गावातल्या शंभर मतदारांच्या सह्या लागतात. कडाक्याच्या थंडीत लेनोर दारोदार फिरत हुदॅकांकडे आली. मार्सेलाला तेव्हा चमचाही धरता येत नव्हता. मायरॉन सहज म्हणाला, "आण, तुझी मी करतो." तिने त्याचा हात कोपराने ढकलला.

"माझं नाव," ती म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हता, पण राग स्पष्ट होता. "माझं."

पेन दोनदा खाली पडलं. लेनोर अंगातला कोट न काढता तिच्या शेजारी बसून राहिली, घाई केली नाही. अक्षरं ओळीखाली घसरली, शेवटचं तर खालच्या माणसाच्या रकान्यात गेलं. मार्सेलाने मान मागे टाकली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तरुणपणी त्याला नाचात हरवल्यावर बघायची तशी. लेनोर म्हणाली, "मार्सेला, ही एक सही मिळाली, मला बाकीच्या नाही मिळाल्या तरी चालेल."

पुढच्या आठवड्यात मार्सेला गेली.

आणि आता फॅरलच्या वकिलाने लेनोरच्या अर्जावरच्या हरकतीत लिहिलं होतं: अक्षर थरथरतं, नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, बहुधा पतीने केलेली.

लेनोर खिडकीपाशी कागद पिशवीत भरत होती. मायरॉन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बहुधा पतीने केलेली! मी केली असती तर सरळ रेषेत आली असती. चाळीस वर्षं मी छपराच्या पट्ट्या डोळ्यांनी सरळ लावल्यात. एवढी तरी अक्कल त्या वकिलाला नको?"

"मिस्टर हुदॅक, मला माहीत आहे."

"तू तिथे बसली होतीस, लेनोर."

"होते."

"मग ते आत जाऊन सांगायला काय झालं?"

लेनोरने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बंबवाल्यांच्या फायर हॉलमधला सह्यांचा कागद आठवतो? ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी, मांस चालत नाही म्हणून असतं त्या माशांच्या जेवणाला? मी तो काउंटरवर ठेवला आणि लोकांशी बोलत फिरले. बायका आत बटाट्याच्या पिरोग्या वळत होत्या, हात पिठात. नवऱ्यांनी आपली सही केली आणि खाली बायकोचीही ठोकून दिली. वाईट हेतूने नाही. घरी लाईटबिलाचं करतात तसं. पण त्या कागदाखाली मी शपथेवर लिहून दिलंय, की प्रत्येक सही माझ्यासमोर ज्याची त्याने केली. मी मार्सेलासाठी साक्षीला उभी राहिले की तो वकील मला दुसरा प्रश्न त्या कागदाचा विचारणार. अख्खा कागद गेला तर मी गेले."

"म्हणून खरी सही खोट्यांच्या ढिगात टाकलीस."

"एक सही सोडली. फॅरलला घालवायला. तुमच्या मिसेसलाही तेच हवं होतं."

"तिला काय हवं होतं ते मला शिकवू नकोस!" कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. "फॅरलने तिला दारुडी ठरवलं तेव्हा त्याला खरं माहीत नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं. तुला माहीत होतं. सगळं माहीत असून तू तिला खोटी ठरवलीस. सांग, दोघांत मोठा गुन्हेगार कोण?"

लेनोर लाल झाली. "हे बरोबर नाही बोलत तुम्ही."

"उद्या तुझ्यासमोर कोणी असाच येईल. एकटा, कागद थरथरत्या हातात. आणि त्याचं खरं धरलं तर तुझी गैरसोय होणार असेल. मग?"

शिपायाने दार उघडून प्रकरणाचं नाव पुकारलं.

कोर्टात फॅरल मागच्या रांगेत काडी चघळत बसला होता. जज्जबाई दुसऱ्या काउंटीतून आलेल्या, वयस्कर, चष्मा नाकावर. त्यांनी तडजोड वाचायला घेतली. मान्य झालेल्या सह्या. सोडलेल्या सह्या. सोडलेल्यांत एकामागून एक फायर हॉलमधल्या बायका, आणि त्यांच्याच मागोमाग, "मार्सेला हुदॅक."

मायरॉन उभा राहिला. बर्नीने त्याच्या कोटाचं टोक ओढलं. मायरॉनने ते सोडवून घेतलं.

"ती सही खरी आहे, जज्जबाई."

"आपण कोण?"

"तिचा नवरा."

"मिस्टर हुदॅक, आपलं दुःख मी समजू शकते. पण आपण या प्रकरणात पक्षकार नाही. वकिलांनी आपसात मान्य केलेलं आहे."

"वकिलांनी म्हणजे कोणी? त्यांतली एक माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिला विचारा. मला नका विचारू, मी नवराच आहे, मी खोटं बोलेन असं त्या कागदात लिहिलंच आहे. तिला विचारा!"

शिपाई पुढे आला. जज्जबाईंनी त्याला हाताने थांबवलं, पण मायरॉनला मात्र बसायला सांगितलं, आणि आवाजावरून कळत होतं की पुन्हा सांगणार नाहीत. तो बसला नाही. लेनोरकडे बघत राहिला. लेनोर टेबलाकडे बघत होती.

"मिस वास्को," जज्जबाई म्हणाल्या, "ही सही आपण सोडली आहे ना?"

मायरॉनला वाटलं की ही बाई आता हो म्हणणार, आणि आपण उरलेलं आयुष्य हे खोटं ठरलेलं नाव घेऊन घरात बसणार.

लेनोर उठली. "नाही, जज्जसाहेब. मी ती मान्यता मागे घेते. ती सही मार्सेला हुदॅकने माझ्यासमोर केली. मी साक्ष देते."

फॅरलचा वकील खुर्चीतून जवळजवळ उडी मारतच उठला. "मग आमचीही मान्यता मागे, जज्जसाहेब. सगळी."

पुढचं लेनोरने सांगितलं होतं तसंच झालं. तिने मार्सेलाबद्दल सांगितलं. दोनदा पडलेलं पेन, खालच्या रकान्यात गेलेलं अक्षर. वकिलाने त्याबद्दल काही विचारलंच नाही. "फायर हॉलमधल्या प्रत्येक सहीच्या वेळी आपण तिथे होता का?" एवढंच विचारलं. लेनोर म्हणाली, "नाही."

"आणि खाली शपथ कोणाची?"

"माझी."

जज्जबाईंनी निकाल तिथेच सांगितला. सही वाचता येत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही; मार्सेला हुदॅकची सही ग्राह्य. फायर हॉलमधला कागद पूर्ण बाद. उरलेल्या सह्या शंभराला तीन कमी. उमेदवारीचा अर्ज बाद. मतपत्रिकेवर जज्जपदासाठी एकच नाव राहील.

फॅरल बाहेर पडताना मायरॉनपाशी थांबला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मार्सेलाची सही धरली गेली. मला बरं वाटलं. मनापासून सांगतो."

"हात काढ, डेनिस."

"अरे, मी..."

"काढ."

गाड्या लावायच्या जागेत बर्नी मायरॉनच्या अंगावरच आला. "झालं समाधान? मेलेल्या बाईच्या एका रेघोटीसाठी अख्ख्या गावाला आणखी सहा वर्षं फॅरल दिलास! तुझी मार्सेला असती तर तिनेच तुला झाडूने हाणलं असतं."

"मार्सेलाचं नाव तोंडात घेऊ नकोस."

"घेणार! पोरगी तीन महिने बर्फात फिरली. आणि तू..."

"बर्नी, पुरे," लेनोर म्हणाली. ती मागे उभी होती, पिशवी छातीशी धरून. रडली असावी. "शपथ मी लिहून दिली होती. त्यांनी नाही."

"तू सांगितलं नसतंस तर..."

"तर मी जज्ज झाले असते. गप्प बसून. घरी जा, बर्नी."

बर्नी शिव्या देत गाडीत बसला. दोघंच उरली. मायरॉनला आतून हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. सही खरी ठरली आणि त्याच निकालात फुकट गेली. त्याला त्या वकिलाचा, बर्नीचा, फायर हॉलमधल्या नवऱ्यांचा, आणि फॅरलने खांद्यावर ठेवलेल्या त्या जड हाताचा राग येत होता. लेनोरवरचा मात्र निम्मा उतरला होता. निम्मा अजून होता.

"माफी मागणार नाही मी," तो म्हणाला.

"मीही मागत नाहीये तुमच्याकडे."

"आता काय करणार?"

"काय करणार? गुरुवारी फॅरलसमोरच उभं राहायचंय. एका पोरीला घरमालक बाहेर काढतोय, दोन लेकरांसकट. आजच्यानंतर तो माझी कशी खेचेल ते बघा." ती कसंनुसं हसली. "सगळ्या कोर्टाला हसवेल."

मायरॉन गाडीचं दार उघडता उघडता थांबला. "तिथे कोणी बसू शकतं का? ज्याचं काही काम नाही असं?"

"कोर्ट आहे ते. कोणीही बसावं."

गुरुवारी मायरॉन पहिल्या रांगेत जाऊन बसला. सूट नव्हता घातला. छपरावर घालायचं जाड जाकीट होतं. फॅरल आला, फायली सारख्या केल्या, आणि त्याला बघून थांबला.

"मायरॉन, तुझी कुठली केस?"

"कुठलीच नाही. बसलोय."

फॅरलने खांदे उडवले. लेनोरच्या केसमधली ती पोरगी पुढे आली. वीस-बावीस वर्षांची, एक लेकरू कडेवर. घर गरम ठेवणारा बॉयलर सगळा हिवाळा बंद होता, लेकरं कोट घालून झोपायची, असं ती सांगू लागली. फॅरलने तिला मध्येच तोडलं.

"बॉयलरचं मी विचारलं का? भाडं थकलंय की नाही? आणि गारठा म्हणशील तर, बाळा, या वयात मिठी मारायला कोणीतरी मिळेलच की."

मागे दोघंतिघं हसले.

"तिचं पूर्ण ऐकून घे, डेनिस," मायरॉन म्हणाला.

हसू थांबलं. फॅरलने काडी तोंडातून काढली. "आणखी एक शब्द बोललास तर बाहेर काढीन. वर्गातला म्हणून बघणार नाही."

"काढ. पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. आत्ता तिचं ऐक."

फॅरलने कॉन्स्टेबलकडे बघितलं. कॉन्स्टेबल मायरॉनच्याच गल्लीतला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. पोरगी घाबरून लेनोरकडे वळली.

"बोल," लेनोर तिला म्हणाली. "बॉयलरपासून. सुरुवातीपासून बोल."