नांदत्या घरची पाकिटं

टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये लग्नपत्रिका रद्दीत जात नाही. एरवी लोक काय काय फेकतात ते मी रोज कचऱ्याच्या डब्यात बघते. पण पत्रिकेवर गणपती असतो, आणि गणपती फेकायची कोणाची छाती होत नाही. मग त्या कपाटावर साठतात. ढीग अंगावर पडायला लागला की तिसऱ्या मजल्यावर शकूकडे जातात.

शकू त्यांची आहेराची पाकिटं करते. आधी गणपती अलगद कापून मिठाईच्या डब्यात ठेवायचा. अनंत चतुर्दशीला तो डबा काळू नदीवर रिकामा होतो. मग छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर, फणीच्या पाठीने घडी दाबायची, मैद्याची खळ लावायची, वर रुपया चिकटवायचा आणि सगळं पोळपाटाखाली ठेवून द्यायचं. दुकानातलं चकचकीत पाकीट लोक घेतात आणि आत किती ते बघतात. शकूचं पाकीट आधी बोटांनी चाचपतात, मग आत किती ते बघतात. तेवढा फरक आहे, आणि शकूला तेवढा पुरतो.

तिचा एक नियम होता. पत्रिका हातात आली की नवरा-नवरीची नावं मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, "नांदतायत ना?"

नांदत असतील तर पाकीट. मोडलं असेल, दोघांतलं कोणी गेलं असेल, तर त्या कागदाच्या पुस्तकात घालायच्या खुणा करायच्या, नाहीतर वाणसामानाच्या यादीची वही शिवायची. मोडलेल्या घरचा कागद नव्या जोडप्याच्या हातात जायचा नाही.

उत्तरं द्यायला मी होतेच. कोण माहेरी जाऊन बसली, कोणाच्या जावयाचं काय चाललंय, माझ्याकडे सगळं तोंडपाठ असतं. "मंजू, तू जनगणनेत हवी होतीस," शकू म्हणायची. मी म्हणायचे, "ते फक्त डोकी मोजतात."

एकाच पत्रिकेबद्दल तिने मला कधी विचारलं नाही. ती तिच्याच पलंगाखाली होती.

तिच्या महेंद्रचं लग्न दोन हजार एकवीसच्या एप्रिलमधलं. सून दीप्ती कल्याणची, चित्रकलेची शिक्षिका. साखरपुडा झाल्यावर ही मुलगी दर रविवारी टिटवाळ्याला यायची. महेंद्रला वाटायचं आपल्यासाठी येते. ती यायची शकूजवळ बसायला. दोघींनी जुन्या वह्यांचा लगदा करून, चाळणीवर पसरून, गच्चीवर वाळवून कागद केला. त्यात बकुळीच्या पाकळ्या घातल्या. मजकूर तेवढा कल्याणला छापून घेतला. तीनशे पत्रिका. दुसऱ्या मजल्यावरच्या शीलाची रुचिताही घड्या घालायला जायची. मीही एकदा गेलेले. माझ्या चार घड्या दीप्तीने हसत हसत उलगडून पुन्हा घातल्या.

आणि लग्नाच्या तोंडावर सरकारने सांगितलं, पंचवीस माणसं. एक पत्रिका गणपतीपुढे ठेवली, दहा-पंधरा वाटल्या. बाकीच्यांना मोबाईलवर फोटो आला. उरलेल्या पत्रिका शकूने जुन्या साडीत बांधून पलंगाखाली सारल्या.

महेंद्र आणि दीप्ती ठाण्याला बाळकुमला राहायला गेली. पहिली दोन वर्षं दर महिन्याला यायची. मग गौरींना दीप्ती आली नाही. "शाळेत परीक्षा." संक्रांतीला आली नाही. "सर्दी." पुढच्या गौरींना महेंद्र एकटा आला आणि जेवून तासाभरात गेला. मी तीन वेळा मोजलं, चौथ्यांदा मोजायची गरज नव्हती. पण शकू काही बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. म्हणजे सरळ विचारलं नाही.

यंदा रुचिताचं लग्न ठरलं. शीला वर आली तेव्हा मी शकूकडेच होते. मुलाकडच्यांना द्यायला मानपानाची साठ पाकिटं हवी होती.

"रुचिता म्हणते, शकूमावशीचीच पाहिजेत. दुकानातली एकदम बकवास दिसतात म्हणते."

"साठ?" शकूने समोरचा ढीग चाळला. "एवढा जाड कागद नाही गं माझ्याकडे. हल्लीच्या पत्रिका नुसत्या प्लास्टिकच्या. घडीच बसत नाही."

इथे माझी जीभ गप्प राहती तर ही गोष्ट झाली नसती.

"पलंगाखाली आहे की पावणेतीनशेचा गठ्ठा," मी म्हटलं. "घरचाच माल. काय गं, महेंद्रची पत्रिका का नाही कापत तू कधी?"

"त्या राहू देत."

"का? नांदतायत ना?"

हसत म्हटलं होतं. शीलाही हसली. शकूच्या हातातली फणी तेवढी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला कळलंय, की मला माहीत आहे. नाही म्हणावं तर शीलासमोर कबुली. उद्या बिल्डिंगभर. हो म्हणावं तर गठ्ठा सोडायला हवा.

"नांदतायत तर," शकू म्हणाली. "न नांदायला काय झालं?"

आणि वाकून तिने गठ्ठा ओढला.

आठ दिवस ती कापत होती. मी दोनदा चहा घेऊन गेले. मदत करू का विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या घड्या वाकड्या येतात." गणपती कापताना ती काहीतरी पुटपुटायची. दुसऱ्या खेपेला मला नीट ऐकू आलं. ती प्रत्येक कागदाला एकदा "दीप्ती येऊ दे" म्हणत होती. टिटवाळ्याच्या गणपतीला लोक लांबून लग्न जुळवायला येतात. ही घरात बसून, कात्रीने, साठ वेळा तेच मागत होती.

लग्न कल्याणच्या एका हॉलमध्ये. शकू मोरपिशी साडी नेसून आलेली, कानांत मोत्यांच्या कुड्या. पाकिटांचं कौतुक झालं. मुलाच्या आत्याने एक नाकाशी नेऊन वास घेतला. "फुलं आहेत का हो आत?"

जेवणं होत आली आणि दारातून दीप्ती आली. रुचितानेच बोलावलं होतं. एकट्या दीप्तीला. ती लांबच्या खुर्चीवर बसली. शकू तिला बघून अर्धी उठली, पुन्हा बसली. चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

शीलाने दीप्तीची ओटी भरली आणि वर एक पाकीट ठेवलं. "रुचिताची बहीणच तू." दीप्तीने पाकीट घेतलं आणि अंगठा कागदावरून फिरवला. आत किती ते तिने बघितलंच नाही. झाकण उचलून आतली छपाई वाचली. मग सरळ आमच्याकडे आली.

"आई, हा आपला कागद आहे."

"हो गं. बस ना. जेवलीस?"

"तुम्ही कापल्या?"

"साठच. बाकीच्या आहेत तशाच."

दीप्ती बसली. शकूचा नियम तिला माझ्याइतकाच माहीत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "महेंद्र काही बोलला नाही तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

दीप्तीने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला हवं होतं. नाही उठले.

"आई, गेल्या महिन्यात निकाल लागला. दोघांच्या संमतीने. तो म्हणालेला, मी सांगतो आईला. मी फोन करणार होते, पण त्याने शपथ घातली."

शकूने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली, जसं कोणी रस्ता सांगतंय आणि तिला तो समजतोय. मग तिने विचारलं, "गेल्या महिन्यात कधी?"

"अठ्ठावीसला."

"मी तीसला कापायला घेतल्या," शकू म्हणाली.

दीप्तीने तिचा हात धरला. शकूने तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, कामाला लागल्यासारखा. "मंजू, ऊठ. ती पाकिटं परत घ्यायला हवीत. पोरीच्या लग्नात काय वाटलं मी हे!"

पण पाकिटं वाटून झाली होती. माणसं पैसे काढून घेतात, खिशात घालतात आणि पाकीट तिथेच टाकतात. खुर्च्यांखाली, पानांच्या कडेला, हात धुवायच्या जागी. शकू वाकून वाकून ती गोळा करायला लागली. मीही. शीला धावत आली.

"अगं, काय शोधताय दोघी?"

"शकूची कुडी पडली," मी म्हटलं.

मग काय! मुलाची आत्या खाली बसली, केटररची माणसं खुर्च्या सरकवायला लागली, कोणीतरी टॉर्च लावला. सगळे कुडी शोधत होते आणि दोन्ही कुड्या शकूच्या कानांत होत्या. कोणी मान वर करून बघितलं नाही. शकू मात्र पाकिटं उचलत होती, सांडलेल्या आमटीत भिजलेली, पायांखाली आलेली, आणि प्रत्येक पदराला पुसत होती.

एकवीस मिळाली. मी मोजली. बाकीची लोकांच्या पर्समधून डोंबिवली, आंबिवली, कुठे कुठे गेली. आतली नावं एकानेही वाचली नव्हती. रिक्षात मी शकूला तेच सांगितलं, धीर द्यावा म्हणून. "अगं, आत कोणी बघतच नाही."

"हो," ती म्हणाली. "तेही दिसलं."

दीप्ती तोवर निघून गेली होती. तिचं पाकीट तिने परत केलं नाही. ओटीचे तांदूळ खुर्चीवर ठेवले, पाकीट तेवढं नेलं.

माझ्या जिभेबद्दल शकू मला एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. महेंद्र येऊन गेला. आत काय झालं ते माहीत नाही. मी त्या दिवशी मुद्दाम मंडईत गेले.

चार महिन्यांनी माझ्या कपाटावरच्या पत्रिका खाली आल्या, म्हणून त्या घेऊन वर गेले. सगळ्यात वर रुचिताचीच होती. रुचिता छान नांदतेय. तिला दिवस गेलेत, मला पक्कं ठाऊक आहे. जिना चढताना मी ते उत्तर तयार ठेवलं होतं. शकूने विचारलं की लगेच सांगायचं.

शकूने दार उघडलं. पत्रिका हातात घेतली, नावं वाचली. मनातल्या मनात. मग पलंगाजवळ गेली, साडीच्या गाठोड्याची गाठ सोडली, रुचिताची पत्रिका गणपतीसकट त्या दोनशेंवर ठेवली आणि गाठ पुन्हा मारली.

"नांदतायत," मी म्हटलं.

"चहा घेणार?" शकूने विचारलं.