टाकीआडचा सूर्य

मित्रांनो, मी एक जुनी, दोन नळ्यांची दुर्बीण आहे. लांबचे जवळ दाखवणे हे माझे काम. पण सूर्य वर असला की आजही मी जीव मुठीत धरून बसते.

कारखान्यात माझी भिंगे बसवताना कारागीर म्हणाला होता, "ही पुष्कळ उजेड गोळा करील." मला केवढा अभिमान वाटला होता! पुढे एका बसचालक बाईने मला विकत घेतले. कामावरून आली की ती मला गळ्यात अडकवून गॅलरीत उभी राही. सोबत तिची भाची असे. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"लुकलुकतो तो तारा आणि शांत तेवतो तो ग्रह," आत्या शिकवायची.

"आणि तो पळतोय तो?"

"दिवे उघडझाप करत असतील तर विमान. मुकाट सरकत असेल तर उपग्रह."

एकदा असाच एक उपग्रह भर आकाशात विझला, तशी भिंगरी आत्याला बिलगली. "अगं, पडला नाही तो! पृथ्वीच्या सावलीत शिरला," आत्या हसत म्हणाली.

मग बुध दिसण्याचे दिवस आले. तो थोडेच दिवस दिसतो, तोही सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, अगदी क्षितिजाजवळ. "सूर्य पुरता मावळल्याशिवाय हिला हात लावायचा नाही," आत्याने बजावले होते. पण त्या संध्याकाळी ती आत तोंड धूत होती आणि भिंगरीला धीर निघेना. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीआड सूर्य गेला होता. तिला वाटले, मावळला. तिने मला डोळ्यांना लावले आणि बुध शोधत हळूहळू टाकीच्या कडेकडे वळवले.

मित्रांनो, मला दिसत होते. कडेवर सोनेरी रेघ पेटली होती. मला ओरडायचे होते, पण तोंड कुठे होते? आणि मग उजव्या नळीत आग शिरली. जो उजेड गोळा करण्याचा मला अभिमान होता, तोच मी त्या पोरीच्या डोळ्यात ओतत होते!

"भिंगरे!" आत्याने धावत येऊन मला फटका मारला. मी फरशीवर आपटले.

"आत्या, मधोमध हिरवा डाग दिसतोय! तुझं तोंडच दिसत नाही गं!"

दोघी तशाच डॉक्टरांकडे धावल्या. मी तिथेच पडून होते. पोरीचा डोळा गेला असेल तर? रात्री उशिरा आत्याने मला उचलले. तिने मला कपाटात ठेवून दिले. कित्येक दिवस मला कुणी शिवले नाही. मीही कुणी शिवू नये असेच म्हणत होते.

एका संध्याकाळी कपाट उघडले.

"सूर्य मावळला?" भिंगरीने आत्याला विचारले.

"मावळला."

"टाकीआड नाही ना गेला? नक्की?"

"चल, गच्चीवर जाऊन बघू."

अंधार पडल्यावरच भिंगरीने मला वर धरले. डाग पुसट होत गेला होता, पण बारीक अक्षरे तिच्या उजव्या डोळ्याला अजून वाकडी दिसत. माझीही एक नळी तिरकी झाली होती. तिने डावा डोळा माझ्या चांगल्या नळीला लावला. गुरू दिसला आणि त्याच्या शेजारी त्याचे चिमुकले चंद्र.

"आत्या, तीन आहेत!" ती कुजबुजली. तिचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा बसला. मी मात्र अजून घाबरलेलीच होते.

मित्रांनो, तारे बघा, ग्रह बघा, उपग्रह सरकताना बघा. पण सूर्य मावळल्याची खात्री मोठ्यांनी केल्याशिवाय मला उचलू नका. मला पापण्या नाहीत. समोर आग आली तरी मला डोळे मिटता येत नाहीत.