भरल्या गाडीचा हवेतला टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि माझ्याच आयुष्याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. रबराला अक्कल ती किती! म्हणून तुम्हालाच सांगतो. तुम्हाला काही उमगलं तर बघा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर, करकरीत होतो. कारंज्याच्या रहीमभाईंनी मला त्यांच्या ट्रकच्या तिसऱ्या एक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, चढवलं. हा एक्सल मोठा चमत्कारिक. केबिनमधलं बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि मी हवेत लोंबतो; पुन्हा दाबलं की जमिनीला टेकतो. गाडी रिकामी असली की वर राहायचं, भरली की खाली येऊन बाकीच्यांना हात द्यायचा, असा नेम. मला माझ्या कामाचा केवढा अभिमान वाटला होता!

पण झालं उलटंच. धनज गावाहून सोयाबीन भरून निघालं तरी रहीमभाई मला वरच ठेवत. कारण पुढच्या टोलनाक्यावर जमिनीला टेकलेले एक्सल मोजून पैसे घेत. ऐन वेळी बटण दाबायचं राहून जाऊ नये, म्हणून धनजपासूनच मी हवेत. माझ्या वाटचं ओझं शेजारचे टायर वाहत आणि मी वारा खात जाई. वर लोक म्हणत, टायर कसा नव्यासारखा राखलाय! न केलेल्या कामाचं कौतुक. खूश व्हावं की लाजावं, मला कळेना.

धनजच्या नाल्यावर एक लहानसा पूल आहे. सगळं ओझं मोजक्याच चाकांवरून येई, म्हणून दर फेरीला तो कण्हायचा. यंदा तो एका अंगाला खचला. एसटीच्या साहेबांनी बजावलं की, आणखी खचला तर बस गावात येणार नाही. त्याच बसने धनजच्या पुंजाजींची, ज्यांचं सोयाबीन आम्ही वाहतो त्यांची, नात राखी कारंज्याला कॉलेजात जाते.

तशात रिसोडला ट्रकवाल्यांची सभा झाली. नुसते टेकलेले एक्सल न मोजता, कोणत्या एक्सलवर किती वजन पडतं आणि गाडी किती किलोमीटर धावली, ते पाहून पैसे घ्यावेत, अशी चर्चा निघाली. रस्त्याला जास्त दाबेल तो जास्त देईल, आणि तो पैसा रस्त्यापुलांनाच लागेल. रहीमभाई घरी येऊन बायकोला, हुस्नाबानोला, हे समजावू लागले आणि अर्ध्यावरच स्वतः गोंधळले. हे कधी होणार, होणार की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुंजाजींच्या खळ्यावर गाडी गच्च भरली. मी वरच. राखी जवळ आली आणि तिनं मला हातानं फिरवलं. मी गरकन फिरलो की हो! एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"काका, गाडी भरली अन् हे चाक रिकामं काहून?" ती म्हणाली. "पूल बसला तं माही येष्टी बंद होईल."

"खाली टेकवलं तं नाक्यावर जास्त घेतेत, बेटा," रहीमभाई म्हणाले. "मी तरी काय करू?"

पुंजाजी पोत्यांकडे बघत होते. "पोते तं माहेच हायेत," ते म्हणाले. "पर मले एक सांग, रहीम. जे चाक वझं वाटून घेते, त्याच्याच नावानं जास्त पैसे कायले?"

रहीमभाईंनी केबिनमध्ये चढून बटण दाबलं आणि मी खाली आलो. बाप रे, काय ते ओझं! पूल कण्हला, पण हळू. नाक्यावर रहीमभाईंनी तोंड कडू करून माझे पैसे भरले.

तेव्हापासून गाडी भरली की मी खालीच चालतो. माझी नक्षी झिजली, आता लोक म्हणतात, टायर संपला. बसून होतो तेव्हा वाहवा, राबलो तर दंड आणि वर नावं. अजूनही माझा गोंधळ उडतो. पण परवा सकाळी त्या पुलावरून एसटी हळूहळू पार झाली, आणि खिडकीत राखी होती.

मित्रांनो, पैसे कसे घ्यायचे ते ठरवणारं कुणी भेटलं, तर पुंजाजींचा प्रश्न त्यांना जरूर विचारा. आणि भरल्या गाडीचं चाक हवेत दिसलं, तर ड्रायव्हरकाकांना इतकंच विचारा, की त्यांच्या गावची एसटी कुठवर येते.