योना नावाचा जावई

वारा पडायचं नाव घेत नव्हता. बोट धक्क्याला बांधलेली, मासळीच्या खणातला बर्फ वितळत चाललेला, आणि माझे खलाशी काम सोडून माझ्या जावयाकडे बघत बसलेले. जावई इंजिनापाशी होता. हात तेलाने माखलेले, मान खाली.

त्याचं नाव योना. आईने हौसेने ठेवलेलं. ती शेतात राबणारी बाई, तिला काय ठाऊक! बायबलातला योना देवाला चुकवून जहाजात बसला, वादळ उठलं आणि खलाशांनी त्याला पाण्यात टाकलं. तेव्हापासून गलबतावर कुणाचा पायगुण वाईट निघाला की त्याला योनाच म्हणायचे. आमच्यात तर बोटीवर हे नाव तोंडातून काढत नाहीत. म्हणून सगळे त्याला 'जावईबापू' म्हणत.

"तांडेल, राग मानू नका," आचारी म्हणाला. "एक तर जावईबापू उतरतील, नाहीतर आम्ही."

"अरे, माझी लेक पोटुशी आहे. हा घरी बसला तर ती खाईल काय?"

"आणि आम्ही बुडालो तर आमची पोरं खातील काय?"

मला एका जागी उभं राहवेना. इकडून तिकडे फेऱ्या मारत मी म्हणालो, "ती गोष्ट आपण नुसती ऐकलेली. म्हातारपणी अक्षरं शिकलो तेव्हा मी ती वाचली. त्या खलाशांनी आधी माल टाकला. मग किनारा गाठायला जिवाच्या आकांताने वल्ही मारली. माणूस टाकायला त्यांचा हात धजत नव्हता!"

"पण शेवटी टाकलाच ना?" टकल्या खलाशी म्हणाला.

तेवढ्यात जावयाने हात पुसले, पिशवी उचलली.

"मामा, 'मला टाका' असं त्यानेच सांगितलं होतं ना?" म्हणाला, आणि धक्क्यावर उतरला.

गोष्टीत योना पाण्यात पडताच समुद्र शांत होतो. आम्ही सगळे पाण्याकडे बघत राहिलो. चहा झाला, भांडी घासून झाली. वारा उलट वाढला. दोर करकरू लागले. टकल्याची टोपी उडाली ती थेट पाण्यात.

"आता कुणाला उतरवू?" मी विचारलं. "आचाऱ्याला?"

आचारी ओशाळला. काठाशी जाऊन ओरडला, "ओ जावईबापू! हा वारा तुमचंही ऐकत नाही नि आमचंही. या वर."

"नावाने बोलवा, मग येतो."

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मीही ते नाव बोटीवर कधी घेतलं नव्हतं. एवढं वाचून काय उपयोग झाला होता?

"योना," मी म्हणालो, "या वर."

तो आला आणि सरळ इंजिनाकडे गेला. वारा तसाच होता, पण ते नाव आता बोटीवर घेतलं गेलं होतं. आचारी दोरांच्या गाठी पुन्हा पुन्हा चाचपत राहिला, आणि त्याच्या मागोमाग मीही.