भूर्जाची पाठ

धनुष्याचं पोट, म्हणजे तिरंदाजाकडची आतली बाजू, लारिओननं वर्षभरापूर्वीच तयार करून ठेवलं होतं. दलदलीच्या काठावर एका बाजूला झुकून वाढलेल्या चीडवृक्षाचं, तांबूस, जड, शिंगासारखं टणक लाकूड. घोडं अडलं होतं ते बाहेरच्या बाजूवर, पाठीवर. ताणाच्या बाजूला चिकटवायला सरळ रेष्यांची भूर्जाची पट्टी हवी होती, आणि सैबेरियातल्या युगान नदीच्या या तीरावर सरळ भूर्ज जणू उगवायचाच बंद झाला होता. त्यातच गावच्या दुकानात बंदुकीची दारू आली नव्हती. बर्फ पडला की खारींची शिकार सुरू होणार, म्हणजे धनुष्य हवंच.

पहिलं झाड बाहेरून काठीसारखं सरळ होतं. पाचर ठोकली तर आतले रेषे दोरासारखे पिळलेले! दुसऱ्याच्या मधोमध गाठ निघाली. लारिओननं दोन्ही ओंडके रागानं चुलीसाठी फोडून टाकले.

तिसरं मात्र दोन्ही टोकांपर्यंत स्वच्छ फुटलं. साल काढून त्यानं पट्टी छपराखाली सावलीत टांगली. ती वाळेपर्यंत पानं गळून गेली. मग मांडीवर घेऊन तो आतली बाजू सपाट करत बसला.

त्याचा सासरा प्रोकोपी म्हातारा झाला होता, डोळे अधू झाले होते. त्यानं पट्टीच्या बाहेरच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"जावईबापू, इथं उंचवटा आहे."

"दिसतोय मला. घासून काढतो."

"हात लावू नकोस त्याला! सालीखालचा थर असाच राहू दे. रेषा तुटला की धनुष्य तुटलं."

"वाकडं दिसतं, बाबा."

"खारीला काय, तुझं धनुष्य देखणं लागतं होय?"

येव्दोकिया, लारिओनची बायको, माशांच्या कातड्यांचा सरस उकळत होती. ती खुदकन हसली. तेच लारिओनला झोंबलं. म्हातारा बाहेर गेला तसा त्यानं चाकू उचलला आणि दोन हात मारून उंचवटा सपाट केला. पट्टी कशी छान दिसायला लागली. सरस लावून त्यानं दोन्ही लाकडं चिकटवली आणि दोरीनं आवळून टाकली.

सरस वाळल्यावर अंगणात त्यानं धनुष्य हळूहळू वाकवायला घेतलं. अर्ध्यावर आलं आणि कडकन आवाज झाला. घासलेल्या जागी बोटभर लांबीचा ढलपा उभा राहिला होता.

लारिओननं धनुष्य बर्फात भिरकावलं. बर्फ पडून गेला होता. शेजारच्या वस्तीवरचे लोक फासे लावून खारी आणायलाही लागले होते.

"फेकतोस कशाला?" येव्दोकिया दारातून ओरडली. "गरम पाण्यात घाल, सरस सुटेल. पोट तरी वाचव."

"वाचवून करू काय? पाठ कुठून आणू?"

"रानात झाडं संपली का? आणि सरस संपलाय. आधी पर्च मासे पकडून आण, मगच कातडी मिळेल."

"सगळं माझ्याच माथी!"

"मग काय? घासलं कुणी, मी?"

त्यानं धनुष्य उचललं, बायकोनं तापवलेल्या पाण्यात घातलं आणि दोन्ही लाकडं अलग होईपर्यंत तिथंच बसून राहिला. मग बर्फ फोडून मासे पकडणं आलं. रानात गोठलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवणं आलं. एक ओंडका पुन्हा पिळलेलाच निघाला, तेव्हा तो झाडावर तोंड टाकून ओरडला. त्याच्याही पलीकडच्या झाडाचा ओंडका मात्र चांगला फुटला.

नवी पट्टी बर्फाळ हवेत वाळेना म्हणून त्यानं ती चुलीजवळ टांगली, तडकू नये म्हणून थोडी थोडी दूर सरकवत राहिला आणि वाळल्यावरच चिकटवली. या खेपेला तिच्या बाहेरच्या बाजूला त्यानं चाकू लावलाच नाही. धनुष्य पुरतं वाकलं, ढलपा उठला नाही. पहिल्याच बाणानं त्यानं खार पाडली; पण तोवर निम्मा हंगाम निघून गेला होता.

"चांगलं झालंय," प्रोकोपी हातानं चाचपून म्हणाला.

"हो," लारिओन म्हणाला आणि बुटांचे बंद आवळायला खाली वाकला.