खडीवर गेलेला बाक

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना बाक आहे. पण माझ्यात लाकडापेक्षा रंगच जास्त आहे. ‘सरपंच लालासाहेब यांजकडून शाळेस सप्रेम भेट’ ही अक्षरं माझ्या पाठीवर इतकी मोठी काढली, की ‘भेट’ला जागाच उरली नाही. ती पायावर उतरवली आहे.

मला घडवलं मिरजेच्या निजाम सुतारानं, चांगल्या जुन्या बाभळीतून. रंधा मारताना तो भावाला म्हणाला होता, “बशीर, पाच पोरं आरामात बसतील बघ.” कारागीर चांगला होता. कोणती पोरं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

माण तालुक्यातल्या त्या शाळेत मी एकुलता एक बाक. माझ्यावर कुणी बसायचं याचा नियम कुणीही केला नाही. फळ्यावर तर ‘सारे समान’ असा सुविचार होता, आणि तो पुसायची कुणाला गरज वाटली नव्हती. तरी पहिल्याच दिवशी सरपंचांचा नातू अर्जुना येऊन बसला, शेजारी दुकानदाराची दोन मुलं. तिघं ऐसपैस. उरलेला वर्ग जमिनीवर, आणि सगळ्यांच्या मागं उंबऱ्याशी, चपलांच्या शेजारी, माळावरच्या वस्तीतल्या राहीबाईची मनू.

“चालायचंच,” गुरुजी म्हणत. पाढ्यांपेक्षा हा शब्द मी जास्त वेळा ऐकला आहे.

पुढच्यांच्या डोक्यांमुळे मनूला फळ्यावरची खालची ओळ दिसत नसे. मग ती गणिताचा शेवट मनानंच करायची, आणि उत्तर बरोबर यायचं. तिला चौथीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला दहिवडीला जायचं होतं. गुरुजी म्हणत, “पोरगी हुशार हाय, पर...” त्या ‘पर’च्या पुढं ते कधीच गेले नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं आणि मुकादम केरबाला बसायला काही नव्हतं, म्हणून मला गाडीत घालून तिकडं नेलं. कुणी हरकत घेतली नाही. पंधरा दिवसांत तिथंच खडी फोडणाऱ्या राहीबाईचा हात हातोडीखाली चेचला, तेव्हा तिच्या जागी मनू येऊन बसली. केरबा तिची हजेरी आईच्या नावावर मांडायचा. इकडं शाळेत गुरुजीही मनूला रोज हजर लावायचे, कारण पट घसरला तर त्यांचीच बदली. एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असणारी ही मुलगी अर्ध्या भाकरीवर दिवस काढत होती.

एके दिवशी गुरुजी सायकल दामटत कामावर आले.

“केरबा, बाक दे गड्या. तपासणीला सायेब आल्यात.”

“आन मी कशावर बसू?”

“दगडावर बस की. आन राहीबाईची मनूबी दे तासभर.”

“न्या. पर बाक मोडू नगा बरं का, गुरुजी.”

मनूबद्दल तो काही बोलला नाही.

आम्ही दोघं एकाच गाडीतून शाळेत निघालो. वाटेत मनूनं विचारलं, “गुरुजी, परीक्षेला मला न्याल न्हवं?”

“सायबापुढं नीट बोललीस तर बघू.”

त्या दिवशी मनू पहिल्यांदा माझ्यावर बसली. अर्जुना जरा सरकला. सरकता येतं हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं. साहेबांनी गणित घातलं. “चार मजूर एक काम सहा दिवसांत करतात, तर तीन मजूर किती दिवसांत करतील?”

“आठ,” मनू म्हणाली. “पर त्यात एक पोरगी आसंल तर धा लागतील.”

साहेब खो खो हसले. “हजरजबाबी आहे हो! काय गं, रोज येतेस ना शाळेत?”

मनूनं हाताला आलेले फोड पाहिले, मग साहेबांकडं पाहिलं.

“न्हाई. आज बाक आला, म्हनून मीबी आले.”

साहेबांनी हजेरीपट चाळला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. साहेबांनी चहा घेतला आणि शेरा लिहिला: ‘उपस्थिती समाधानकारक. बाकांची संख्या वाढवावी.’

परतीच्या गाडीत जागा होती, तरी मनू माझ्यावर बसली नाही. खाली बसली. कामावर पोचताच केरबानं माझे चारही पाय हलवून पाहिले.

परीक्षेला गुरुजींनी अर्जुनाला नेलं. दुष्काळ सरल्यावर मी शाळेत परत आलो. मनू आली नाही. नंतर दोन नवे बाक आले, त्यांच्यावरची नावं माझ्याहून मोठी.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. ती राखली जाते. दर दिवाळीला नाव नव्यानं रंगवतात. माझं मागणं एवढंच, की उंबऱ्याशी बसलेल्या पोरीला एकदा विचारा, फळ्यावरची खालची ओळ दिसते का. नाही म्हणाली, तर ‘चालायचंच’ म्हणू नका. निजामनं जागा पाचांची केली आहे आणि तुम्ही तिघंच बसला आहात.

सरका.